अंथरुणाची स्वच्छता : गादीवरील डाग आणि दुर्गंधी

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषणाचा पाठ)



गादीवरील डाग आणि तिचा वास हा विषय शिक्षकांच्या संमेलनात कशासाठी, अशी शंका कित्येकांच्या मनात आली असेल. फळा, खडू आणि हजेरीपट यांच्याशी गादीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो वरवर दिसतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे. वर्गात शेवटच्या रांगेत एकटे बसणारे, शेजारी कोणी बसू देत नाही म्हणून हळूहळू शाळेलाच टाळू लागणारे मूल बऱ्याच वेळा रात्रीच्या अंथरुणाचा वास अंगावर घेऊन आलेले असते. इतर मुले नाक दाबतात, हसतात. शिक्षकाला त्या मुलाची अनुपस्थिती तेवढी दिसते. तिचे मूळ घरातल्या एका गादीत आहे, हे दिसत नाही.

अकोल्याच्या जुन्या शहराचे उदाहरण घ्यावे. मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर, असदगडाच्या आश्रयाने वाढलेली ही मूळ वस्ती. गडावरील शिलालेखात १६९७ या वर्षाचा निर्देश आहे. म्हणजे येथील बोळ आणि घरे किती पिढ्यांची आहेत याची कल्पना यावी. अशा दाट वस्तीत प्रत्येक घराला अंगण कोठून असणार? तेथे धाबे किंवा गच्ची हेच अंगण. वैशाखातल्या सकाळी गाद्या, दुलया, उशा आणि वाकळी वर येतात, आणि संध्याकाळी कडकडीत कोरड्या होऊन खाली जातात. वऱ्हाडाच्या उन्हाळ्याला लोक नावे ठेवतात आणि ते योग्यच आहे, कारण अकोल्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही. परंतु अंथरुणाच्या बाबतीत एवढे कोरडे, एवढे प्रखर आणि फुकट मिळणारे औषध दुसरे नाही.

आता याच वस्तीतील एक घर डोळ्यांसमोर आणावे. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या गाद्या वर आल्या आहेत, पण या घरातली एक गादी मात्र येत नाही. ती माजघराच्या कोपऱ्यात, डाग आत दडेल अशी घडी घालून ठेवलेली आहे. घरातला तिसरीतला मुलगा रात्री अंथरूण ओले करतो. त्याच्या वर्गाच्या बाई चौकशीला घरी गेल्या, तर आजी आधी विषय टाळते आणि मग हलक्या आवाजात सांगते, "गच्चीवर टाकली तं सारी गल्ली पायते, बाई." या एका वाक्यात सर्व अडचण आली. ओली गादी घडी घालून अंधारात ठेवली की ती वाळत नाही. वाळली नाही की आतील जंतू वाढतात. जंतू वाढले की वास वाढतो. आणि वास वाढला की लाज आणखी वाढून गादी आणखी आत सरकते. वासाचे खरे कारण मुलाची लघवी जेवढे आहे, त्याहून अधिक ही घडी आहे.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातील युरिया या द्रव्यावर जंतूंची क्रिया होऊन अमोनिया वायू सुटतो, तोच डोळ्यांना व नाकाला झोंबतो. ही क्रिया घडण्यास वेळ आणि ओल लागते. पहिल्या दोन-चार तासांत गादी कोरडी केली तर निम्मे काम तेथेच झाले. लघवीतील युरिक आम्ल मात्र निराळ्या स्वभावाचे. ते साध्या पाण्यात फारच थोडे विरघळते आणि कापसाच्या तंतूंवर बारीक स्फटिक होऊन बसते. उन्हाळ्यात स्वच्छ वाटलेली गादी श्रावणात पुन्हा का वास मारू लागते, याचे उत्तर येथे आहे. आत उरलेले क्षार पावसाळी हवेतील ओलावा धरतात आणि जुना वास जागा होतो. धूप किंवा अगरबत्ती जाळली, अत्तर शिंपडले, तर वासावर वास चढतो, एवढेच. कडुनिंबाचा वाळलेला पाला कपड्यांत किडीसाठी ठेवतात. गादीखाली ठेवल्याने लघवीचा वास जात नाही.

आपल्या भागातील गादी कापसाची असते. एका माणसाच्या गादीत आठ-दहा किलो कापूस सहज असतो. कापूस पाणी किती पितो हे वऱ्हाडातील माणसास सांगावयास नको. म्हणून पहिला नियम असा की, गादीवर बादलीने पाणी ओतू नये. वरचा डाग पाण्याबरोबर आत जातो, आतला कापूस चार-चार दिवस ओला राहतो, त्याचे गोळे होतात आणि बुरशीचा नवा वास जडतो. उत्साही गृहिणीच्या हातून नेमकी हीच चूक होते, आणि ती स्वच्छतेच्या आवडीपोटीच होते, हे दुर्दैव.

ताज्या ओलीवर जुने सुती धोतर किंवा पंचा चौपदरी करून दाबावा. घासू नये, दाबावे. फडके ओले झाले की कोरडी बाजू घ्यावी. ओल टिपली की शिरका, म्हणजेच व्हिनेगर, एक भाग आणि पाणी दोन भाग असे मिश्रण डागापुरतेच शिंपडावे. अमोनिया हा अल्कधर्मी असल्याने शिरक्यातील आम्ल त्यास निष्प्रभ करते. दहा मिनिटांनी पुन्हा टिपावे. जागा जवळजवळ कोरडी झाली की खाण्याचा सोडा तीवर पसरावा, रात्रभर राहू द्यावा आणि सकाळी ब्रशाने झटकून काढावा. सोडा उरलेली ओल आणि वास दोन्ही शोषतो. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. शिरका आणि सोडा एकत्र टाकले की भरपूर फेस येतो आणि पाहणाऱ्यास वाटते, केवढे काम चालले आहे! वस्तुतः आम्ल व अल्क एकमेकांस मारून बसतात, आणि मागे मुख्यतः खारट पाणी उरते. दोहोंचा उपयोग हवा असेल तर आधी एक, आणि ते वाळल्यावर दुसरे.

जुन्या पिवळ्या डागास हे पुरत नाही. त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडते. बाटलीवर सहा टक्के लिहिलेले असेल तर तेवढेच पाणी मिसळून ते तीन टक्क्यांचे करावे. अशा पेलाभर द्रवात दोन चमचे खाण्याचा सोडा आणि भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब घालावेत, मिश्रण लगेच वापरावे आणि उरलेले टाकून द्यावे. बाटलीत भरून बूच लावल्यास आत वायू साठून बाटली फुटण्याचा संभव असतो. रंगीत खोळीचा रंग याने उडतो, तेव्हा आधी कोपऱ्यात थेंब टाकून पाहावा. कपडे धुण्याच्या आजच्या काही पुडींमध्ये विकर असतात, म्हणजे घाणीचे सेंद्रिय कण तोडणारी द्रव्ये. अशी पूड कोमट पाण्यात कालवून तिचा नुसता फेस डागावर अर्धा तास ठेवला तरी चांगला गुण येतो. पाणी उकळते घेऊ नये; विकर मरतात.

एक इशारा मात्र ठळकपणे दिला पाहिजे. कपडे पांढरे करण्याचे क्लोरीनयुक्त द्रव लघवीच्या डागावर कधीही टाकू नये. ते अमोनियाशी मिसळले की विषारी वायू निर्माण होतो, आणि शिरक्याशी मिसळले तरी होतो. बंद माजघरात हा प्रयोग जिवावर बेतू शकतो. फिनेलही अंथरुणासाठी नव्हे. मुलाची कातडी रात्रभर त्यावर राहणार असते.

रक्ताच्या डागाचा न्याय निराळा. तेथे गरम पाणी हा शत्रू होय. रक्तातील प्रथिन उष्णतेने गोठते आणि तंतूला धरून बसते, जसे अंडे उकळल्यावर घट्ट होते. थंड पाणी, थोडे मीठ, आणि टिपत राहणे, एवढ्याने ताजा डाग निघतो. जुन्यावर पेरॉक्साइड फेसाळते आणि डाग उचलते. वरच्या वर्गातील मुलींना या डागाची भीती कशामुळे वाटते, हे शिक्षिकांस ठाऊक आहे. मुलींच्या वसतिगृहात ही माहिती पहिल्याच आठवड्यात, सहजपणे, आवाज न उतरवता सांगितली तर कित्येकींचे चोरून रडणे टळेल.

हळदीचा डाग हा तर आपल्या शाळेचाच पाठ आहे. हळदीवर साबण लावला की डाग लालसर होतो आणि बाई घाबरते. हळदीतील रंगद्रव्य अल्कात लाल होते आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद, साबणाचा तुकडा आणि लिंबाची फोड एवढ्या साहित्यावर आम्ल-अल्काचा तास उत्तम होतो. गादीवरील हळद साबणाच्या फेसाने टिपावी आणि उन्हात ठेवावी. प्रकाशात तो रंग दोन-तीन दिवसांत विटतो. तेथे माणसाने फार धडपड करू नये. डोक्याच्या तेलाचा डाग पडल्यास शंखजिरे किंवा खडूची बारीक भुकटी रात्रभर पसरून ठेवावी.

डाग आतपर्यंत मुरला असेल आणि गादी जुनी असेल तर वरून केलेले सारे उपाय अपुरे पडतात. अशा वेळी टाके उसवून गादी उघडावी. खोळ धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून धुवावी. डागाळलेला कापूस वेगळा काढून साबणाच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने दाबून धुवावा, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावा, पिळून न काढता दाबून निथळावा आणि चादरीवर विरळ पसरून दोन-तीन कडक उन्हे द्यावीत. फारच कुजलेला भाग टाकून द्यावा. मग पिंजाऱ्याकडे न्यावा. पूर्वी पिंजारी धनुष्यासारखे पिंजण खांद्यावर घेऊन दारोदार येई आणि तातीचा टणत्कार गल्लीभर ऐकू जाई. आता बहुतेक ठिकाणी यंत्रावर पिंजून मिळते. पिंजल्याने दबलेले तंतू सुटे होतात, त्यांत हवा शिरते, आणि आठ वर्षांची गादी पुन्हा नवी होते. फोमच्या गादीत हा गुण नाही.

पिंजाऱ्याकडे नेण्यापूर्वीच कापूस धुवावा, यामागे आणखी एक कारण आहे आणि ते सहसा कोणी बोलत नाही. वाळलेली घाण पिंजताना धूळ होऊन उडते आणि ती त्या माणसाच्या छातीत जाते. कापसाच्या धुळीने श्वासाचा विकार जडतो, हे गिरण्यांतील कामगारांच्या बाबतीत सिद्ध झालेले आहे. आपल्या घरातली घाण दुसऱ्याच्या श्वासात पाठवण्याचा अधिकार कोणासही नाही. शेंडगाव येथे १८७६ मध्ये परीट कुटुंबात जन्मलेल्या आणि आपल्याच अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढलेल्या गाडगेबाबांनी गावात पाऊल टाकताच आधी खराटा का हाती घ्यावा, याचा विचार या संदर्भात करून पाहावा.

फोमची गादी आता खेड्यातही आली आहे. तिला प्रखर ऊन सोसत नाही. फोम पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होऊ लागतो. तिला सावलीत, वाऱ्यावर उभी करावी. काथ्याची गादीही लवकर कोरडी व्हावी. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा गादी दोन खाटांच्या मध्ये आडवी टेकून खालून-वरून वारा मिळेल अशी ठेवावी, आणि पंखा असल्यास तो लावावा. मात्र पुराच्या पाण्यात बुडालेल्या गादीस यांतील कोणताही उपाय नाही. २०२१ च्या जुलैत मोर्णेचे पाणी अकोल्यातील नदीकाठच्या वस्त्यांत शिरले होते. अशा पाण्यात गटारही मिसळलेले असते. ती गादी वाळवून पुन्हा मुलास देऊ नये. खोळ उकळून वापरावी, कापूस टाकावा. गरीब घरास हा सल्ला कठीण वाटतो, आणि तो कठीणच आहे. परंतु मुलाच्या आजारपणाचा खर्च कापसाहून मोठा असतो.

आता पुन्हा त्या तिसरीतल्या मुलाकडे वळावे. गादी स्वच्छ केली, पण रात्री ती पुन्हा ओली होणारच असेल तर काय? येथे शिक्षकाजवळ खरी माहिती पाहिजे. पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे पंधरा मुले रात्री अंथरूण ओले करतात. सात वर्षांच्या वयातही शंभरात पाच ते दहा करतात. बहुतेकांचे वयाबरोबर आपोआप थांबते. मूल आळसाने किंवा खोडीने हे करीत नाही. मूत्राशय भरल्याची जाणीव गाढ झोपेतल्या मेंदूला जागे करीत नाही, किंवा रात्री लघवी अधिक तयार होते. आईबापांपैकी कोणास लहानपणी हा त्रास असेल तर मुलास होण्याचा संभव वाढतो. तेव्हा रागावणाऱ्या बापाने आधी आपल्या आईस विचारून पाहावे! बद्धकोष्ठ हेही एक नेहमीचे कारण असते. सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले, फार तहान लागून वजन घटू लागले, लघवीस जळजळ होऊ लागली किंवा ताप आला, तर मात्र त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. मधुमेह किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग यांची ती चिन्हे असू शकतात.

मारल्याने, उपाशी ठेवल्याने, ओली चादर मुलाच्या डोक्यावर देऊन गल्लीत उभे केल्याने हे थांबत नाही. शाळेत तर असे काही बोलणेही कायद्याने वर्ज्य आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार अधिनियमातील कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई करते. भर वर्गात "तुझ्या अंगाला वास येतो" असे म्हणणे या कलमाबाहेर आहे, असे कोणास वाटत असेल तर त्याने ते कलम पुन्हा वाचावे.

शाळेचाही या ओल्या गादीत वाटा असतो, आणि तो मान्य करणे जड जाते. ज्या शाळेत स्वच्छतागृहास कुलूप असते, किंवा दार असूनही आत जाववत नाही, तेथे मुले दिवसभर लघवी रोखून धरतात. लघवीस जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. संध्याकाळी घरी गेली की तहानलेली मुले तांब्याच्या तांब्या रिते करतात, आणि ते सारे पाणी रात्री अंथरुणात येते. घरच्यांना वाटते, रात्रीचे पाणी बंद करावे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात मुलाचे पाणी तोडणे हा उपाय नव्हे, अपाय आहे. पाणी दिवसभरात वाटून प्यायले पाहिजे, आणि दर दोन-तीन तासांनी लघवीस गेले पाहिजे. केरळात २०१९ साली शाळांमधून पाण्यासाठी स्वतंत्र घंटा देण्याची प्रथा सुरू झाली. त्यास पैसा लागत नाही. घंटा प्रत्येक शाळेत आहेच. पाण्याची घंटा दिली की तिच्यापाठोपाठ स्वच्छतागृहाचे दार उघडे आणि आत पाणी असले पाहिजे, एवढेच.

त्या घरी गेलेल्या बाईंनी काय करावे? आजीशी बोलताना मूल समोर नसावे. गादीचा विषय मुलावरून न काढता पावसाळ्याच्या तयारीवरून काढावा, म्हणजे आजीची मान खाली जात नाही. गल्लीने पाहू नये अशी भीती असेल तर गादीवर एक जुनी पातळशी चादर पसरून ती वर टाकता येते. ऊन तेवढ्याने अडत नाही, डाग मात्र झाकतो. सकाळी नऊपासून एक बाजू, दुपारी पालटून दुसरी. ऊन कलण्यापूर्वी खाली. एका उन्हाने भागत नाही, लागोपाठ दोन तरी द्यावीत. मग गादीवर मेणकापड, त्यावर चौपदरी जुने लुगडे आणि वर चादर, अशी रचना करावी, म्हणजे रात्री काही झाले तरी सकाळी लुगडे आणि चादर धुवावी लागते, गादी नव्हे. झोपण्यापूर्वी मुलास एकदा लघवीस पाठवावे. सकाळी त्याने ओली चादर स्वतः बादलीत टाकली तर चांगलेच. ती शिक्षा म्हणून नव्हे, आपले अंथरूण आपण उचलावे या घरातल्या सर्वांच्या नियमाप्रमाणे. शाळेत येण्यापूर्वी कमरेखालचे अंग साबणाने धुऊन कोरडी चड्डी घातली की वर्गात नाक दाबण्याचे कोणास कारण उरत नाही. शाळेच्या कपाटात एक जादा चड्डी आणि टॉवेल ठेवावा, आणि तो कोणासाठी आहे हे फक्त बाईंना ठाऊक असावे.